विश्लेषण : प्राण्यांचा छळ ही कौटुंबिक हिंसाचाराची खूण कशी ठरते?

नागपुरात प्राण्यांचा विषय निघाला की चर्चा भटक्या कुत्र्यांकडे वळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मोकाट कुत्र्यांना सार्वजनिक ठिकाणी खायला घालण्यास मनाई केली आणि ज्यांना खायला घालायचे आहे त्यांनी कुत्री दत्तक घेऊन घरी न्यावीत, असे सांगितले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीला आणि दंडात्मक कारवाईला स्थगिती दिली. रस्त्यावरच्या कुत्र्यांवर एवढा खल झाला. पण घरात पाळलेला कुत्रा, गोठ्यातली म्हैस किंवा अंगणातली शेळी यांना कोण मारतो आणि तोच हात त्या घरातल्या बाईवर, मुलांवरही उठतो का, हे पोलीस ठाण्यात किंवा दवाखान्यात सहसा विचारले जात नाही. ते का विचारायला हवे, याचा हा आढावा.

दोन्हींचा संबंध आहे हे कशावरून?

या विषयावरचे सर्वाधिक उद्धृत होणारे काम अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फ्रँक अॅसिऑन यांचे आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांनी युटा राज्यातील एका आधारगृहात आलेल्या ३८ महिलांशी बोलून माहिती घेतली. ज्यांच्या घरी पाळीव प्राणी होते, त्यांपैकी ७१ टक्के महिलांनी जोडीदाराने प्राण्याला इजा करण्याची धमकी दिल्याचे किंवा प्रत्यक्ष इजा केल्याचे सांगितले. ५७ टक्के घरांत इजा किंवा हत्या प्रत्यक्ष घडली होती. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात २००८ च्या अभ्यासात हिंसा सोसलेल्या १०२ आणि तशी हिंसा न सोसलेल्या १०२ महिलांची तुलना झाली. पहिल्या गटात ५३ टक्के महिलांच्या जोडीदाराने प्राण्याला इजा केली होती, दुसऱ्या गटात असे एकही उदाहरण नव्हते. त्याआधी, १९८३ मध्ये न्यू जर्सीत मुलांचा छळ किंवा हेळसांड झालेल्या ५३ कुटुंबांची पाहणी झाली होती. मुलांना मारहाण होणाऱ्या ८८ टक्के घरांत प्राण्यांचाही छळ होत असल्याचे तीत आढळले.

प्राण्याला मारून मारणाऱ्याला काय साधते?

घरातील हिंसा दर वेळी रागाच्या भरात होते असे नाही. बऱ्याचदा ती धाक बसवण्यासाठी असते. बाईचा किंवा मुलांचा ज्या प्राण्यावर जीव आहे त्याला त्यांच्यादेखत मारले, की ‘आज हा, उद्या तू’ हे न बोलता कळते. बाईच्या अंगावर वळ उठत नाही, शेजाऱ्यांना ऐकू जात नाही आणि तक्रार करण्याजोगे काही ‘घडलेले’ही नसते. दुसरा उपयोग गप्प बसवण्याचा. घरातली गोष्ट बाहेर सांगितलीस तर मांजर दिसणार नाही, एवढी धमकी लहान मुलाला पुरते. तिसरा उपयोग अडकवून ठेवण्याचा. आपण घर सोडले तर मागे या मुक्या जिवाचे काय होईल, या काळजीने बाई निघण्याचा दिवस पुढे ढकलत राहते. अॅसिऑन यांच्या अभ्यासातही काही महिलांनी याच कारणाने आधारगृहात येण्यास उशीर केल्याचे सांगितले होते.

विदर्भात हा प्रश्न कुत्र्या-मांजरांपुरताच आहे का?

नाही. परदेशातील बहुतेक अभ्यास शहरी घरांतील पाळीव प्राण्यांभोवती फिरतात. इथल्या खेड्यात म्हैस आणि शेळी हा संसाराचा आधार असतो. चारा-पाणी, शेण, धार हे काम मुख्यतः बाईच्या अंगावर असते. शेळीला ‘गरिबाची गाय’ म्हणतात ते उगाच नाही. आजारपण, शाळेची फी, माहेरी जाण्याचे भाडे असा पैसा अडीनडीला तीच देते. त्यामुळे नवऱ्याने दारूसाठी शेळी परस्पर विकली किंवा भांडणात तिच्या पायावर काठी घातली, तर घाव प्राण्याइतकाच बाईच्या हातातल्या एकमेव पैशावरही असतो. शिवाय दुभते जनावर सोडून बाई दोन दिवसही बाहेर राहू शकत नाही. शहरातल्या बाईला कुत्रा अडकवतो, तसा खेड्यातल्या बाईला गोठा अडकवतो.

भारतात याची आकडेवारी आहे का?

घरगुती हिंसेची आहे, तिच्या प्राण्यांशी असलेल्या संबंधाची नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातील १८ ते ४९ वयोगटातील, कधी ना कधी विवाह झालेल्या २९.३ टक्के महिलांनी पतीकडून हिंसा सोसली होती. महाराष्ट्रात हे प्रमाण २५.२ टक्के होते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या महिला देशभरात केवळ १४ टक्के होत्या. याच सर्वेक्षणात कुटुंबाकडे जनावरे आहेत का, हेही विचारले जाते. मात्र त्या जनावरांना धाकासाठी मारले जाते का, हा प्रश्न त्यात नाही. उलट अमेरिकेत केंद्रीय तपास संस्था एफबीआयने २०१६ पासून प्राण्यांवरील क्रौर्याची स्वतंत्र गुन्हा म्हणून नोंद घेण्यास सुरुवात केली. तिथल्या मेन राज्याने २००६ मध्येच घरगुती हिंसेच्या संरक्षण आदेशात पाळीव प्राण्यांचा समावेश केला होता.

आपला कायदा काय सांगतो?

दोन कायदे आहेत, पण ते एकमेकांकडे पाहत नाहीत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये दंड आहे. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केल्यास २५ ते १०० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे, अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पण हा गुन्हा मालमत्तेच्या नुकसानीत मोडतो आणि रोजची मारहाण किंवा उपाशी ठेवणे त्यात बसत नाही.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणाऱ्या २००५ च्या कायद्यात प्राण्यांचा उल्लेख नाही. बाईला ज्या ‘व्यक्ती’बद्दल आस्था आहे तिला इजा करण्याची वारंवार धमकी देणे हा मानसिक छळ, असे तो म्हणतो. प्राणी ‘व्यक्ती’ नसल्याने ही व्याख्या तोकडी पडते. मात्र त्याच कायद्यात दोन वाटा उघड्या आहेत. बाईचा हितसंबंध असलेली मालमत्ता परस्पर विकणे हा आर्थिक छळ ठरतो, म्हणजे शेळी-म्हशीचा प्रश्न त्यात आणता येतो. आणि संरक्षण आदेश देताना (कलम १८) नेमकी कोणती कृती करू नये हे न्यायदंडाधिकारी आदेशात लिहू शकतात. ‘प्राण्याला इजा करू नये, तो विकू नये’ अशी मागणी तिथे करता येते. आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

न्यायालयाने अशा प्रकरणात प्राण्यांचा विचार केला आहे का?

जून २०२३ मध्ये मुंबईत वांद्रे येथील महानगर दंडाधिकारी न्यायालयाने केला. ५५ वर्षांच्या एका महिलेने याच कायद्याखाली विभक्त पतीकडून अंतरिम देखभाल खर्च मागितला होता आणि आपल्यावर अवलंबून असलेल्या तीन रॉटवायलर कुत्र्यांचा खर्चही त्यात धरला होता. कुत्र्यांचा खर्च मोजू नये, हे पतीचे म्हणणे न्यायालयाने मान्य केले नाही. पाळीव प्राणी हे चांगल्या राहणीमानाचा भाग आहेत आणि नाते तुटल्यावर आलेली भावनिक पोकळी ते भरून काढतात, असे नमूद करत दरमहा ५० हजार रुपये अंतरिम खर्च मंजूर झाला. हा दंडाधिकारी न्यायालयाचा आदेश असल्याने तो इतर न्यायालयांवर बंधनकारक नाही. तरीही घरगुती हिंसेच्या खटल्यात प्राण्याला जागा मिळू शकते, हे त्यातून दिसले.

धंतोलीतल्या डॉक्टरांचा याच्याशी काय संबंध?

खासगी रुग्णालये आणि तपासणी केंद्रांनी गजबजलेल्या धंतोलीत नागपूरसह विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमधून रुग्ण येतात. घरात मार खाल्लेली बाई पोलीस ठाण्याआधी डॉक्टरांकडे जाते आणि ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असे सांगते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० मध्ये सुरू झालेले ‘दिलासा’ केंद्र याच जाणिवेतून उभे राहिले. राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय संस्थेत अशी बाई आली आणि कौटुंबिक घटना अहवाल आधी झालेला नसेल, तर तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवण्याची जबाबदारी नियमांनी त्या संस्थेवर टाकली आहे.

दुसरा साक्षीदार पशुवैद्यक. १९६२ मध्ये अमेरिकी बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी मारहाण झालेल्या मुलांच्या जखमांचे वर्णन केले. त्याच धर्तीवर २००१ मध्ये ब्रिटनमधील हेलन मन्रो आणि मायकेल थ्रसफिल्ड यांनी पशुवैद्यकांनी कळवलेल्या, अपघाताने न झालेल्या इजांच्या ४४८ प्रकरणांचा अभ्यास मांडला. जुनी-नवी अशी अनेक हाडे मोडलेली, दर वेळी बदलणारी हकिकत, घरातल्या एकाच माणसाला पाहून अंग चोरणारा प्राणी, अशा खुणा पशुवैद्यकाला दिसू शकतात. महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नागपुरातच आहे. माणसांचे आणि जनावरांचे डॉक्टर एकाच शहरात एवढ्या संख्येने असताना त्यांच्या माहितीची मात्र कुठे गाठ पडत नाही.

मग प्राण्याला मारणारे मूल म्हणजे उद्याचा गुन्हेगार?

असा निष्कर्ष काढणे चूक आहे. आधारगृहांतील अभ्यास लहान गटांवर झाले आहेत आणि ते बहुतांशी पाश्चात्त्य देशांतले आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये प्राण्यांच्या छळाचे खटले झालेल्या १५३ जणांची त्यांच्या शेजाऱ्यांशी तुलना करणारा अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. छळ करणाऱ्यांत माणसांविरुद्धच्या हिंसक गुन्ह्यांचे प्रमाण सुमारे पाचपट निघाले. पण आधी प्राणी, मग माणूस असा ठरावीक क्रम मात्र आढळला नाही. अमेरिकी मनोविकार संघटनेने १९८७ पासून प्राण्यांवरील क्रौर्य हे मुलांच्या वर्तनविकाराच्या लक्षणांत घेतले आहे. तिथेही ते अनेक लक्षणांपैकी एक आहे. कुत्र्याला दगड मारणाऱ्या मुलाला शिक्का मारण्याऐवजी, त्याने हे कुठे पाहिले आणि त्याला कोणी मारते का, हे विचारणे अधिक उपयोगाचे.

नवा कायदा होईपर्यंत काय करता येईल?

२००५ च्या कायद्याच्या कलम ४ नुसार घरगुती हिंसा घडत आहे किंवा घडण्याची शक्यता आहे असे वाटणारी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला माहिती देऊ शकते. सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल तिच्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. या ‘कोणतीही व्यक्ती’मध्ये पशुवैद्यकही येतो, दूधवालाही आणि शेजारीही. पीडित महिलेने प्राण्याच्या उपचाराची बिले, तारखेसह छायाचित्रे, कुत्र्याचा परवाना किंवा जनावराच्या कानातील बिल्ल्याची नोंद कोणाच्या नावे आहे याचे कागद जपून ठेवावेत. मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. नागपूर पोलिसांचा भरोसा सेलही आहे.

खरी अडचण त्यापुढची आहे. ‘सखी’ वन स्टॉप सेंटरमध्ये बाईला जास्तीत जास्त पाच दिवस तात्पुरता निवारा मिळतो, पण तिच्या कुत्र्याला किंवा शेळीला तिथे जागा नाही. त्यासाठी महिला व बालविकास विभाग, पशुसंवर्धन विभाग आणि प्राणी निवारे यांच्यात साधी तोंडओळख तरी हवी. तोवर संरक्षण अधिकारी, पोलीस आणि डॉक्टरांना बिनखर्चाची एक गोष्ट करता येईल. समोर आलेल्या बाईला ‘घरी जनावर आहे का, आणि त्याला कोणी मारते का?’ हे विचारणे. स्वतःच्या माराबद्दल न बोलणारी बाई कदाचित त्याबद्दल बोलेल.