मक्केच्या वाटेवर बाप-लेक

मुलगा ऐकत नाही, ही तक्रार आपल्या घरांत रोज होते. अब्बा धड बोलत नाहीत, ही मुलाची तक्रार मात्र कुणी मनावर घेत नाही. या दोन्ही तक्रारी एकाच मोटारीत बसवून मक्केला नेणारा एक फ्रेंच चित्रपट आहे: ‘ल ग्राँ व्होयाज’, म्हणजे मोठा प्रवास. दिग्दर्शक इस्माईल फेरूखी मोरोक्कोत जन्मले, फ्रान्समध्ये वाढले. त्यांचे वडील मोटारीने हजला गेले होते, त्या आठवणीतून ही कथा सुचली.

फ्रान्समध्ये राहणारे एक वृद्ध मोरोक्कन गृहस्थ हजला निघतात. थोरल्या मुलाचा वाहन परवाना गेलेला, म्हणून गाडी चालवायला धाकटा रेदा. त्याची परीक्षा तोंडावर आणि मन एका फ्रेंच मुलीत गुंतलेले. वडील अरबीत बोलतात, तो फ्रेंचमध्ये उत्तर देतो. इटली, बाल्कन देश, तुर्कस्तान, सीरिया, जॉर्डन असा हा लांबचा रस्ता. वाटेत वडील त्याचा मोबाईलही कचऱ्यात टाकून देतात.

विमानाने का नाही गेलात, असे रेदा विचारतो. वडील म्हणतात, समुद्राचे पाणी वर चढते तेव्हाच त्याचा खारेपणा जातो. १९९५ पर्यंत मुंबईहून जहाजाने हजला जाता येत असे. त्या जहाजांनी गेलेल्या आपल्या बुजुर्गांना या बोलण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

पुढे पैशांची चणचण असताना वडील एका गरीब बाईला खैरात देतात. रेदा भडकतो. वडील त्याच्या थोबाडीत मारतात.

२००४ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाला पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. पुढे ब्रिटनच्या बाफ्टासाठीही नामांकन झाले. मक्केतली दृश्ये हजच्याच काळात, परवानगी घेऊन तिथेच चित्रित झाली आहेत. पण आपल्या घरांत वेगळाच प्रश्न निघेल. रेदा मक्केत पोहोचूनही हज करत नाही, गाडीपाशीच थांबतो. मग एवढ्या प्रवासातून साधले काय?

शेवट सांगितल्याशिवाय याचे उत्तर देता येत नाही. इहराम बांधून गेलेले वडील परतत नाहीत. तिथेच त्यांचा इंतकाल होतो. मय्यतीशेजारी रेदा हमसून रडतो. परत निघताना रस्त्यावर बसलेल्या एका बाईच्या हातावर तो पैसे ठेवतो. त्याला तसे करायला कुणी सांगितलेले नसते.

थपडेने जे झाले नाही, ते इतके दिवस बापाशेजारी बसल्याने झाले. तो नमाजी झाला का, हे चित्रपट सांगत नाही. तो हिशेब अल्लाहकडे.

दारूचा आणि नाचणारीचा प्रसंग असल्याने लहानांसोबत हा चित्रपट पाहू नये. कॉलेजात जाणाऱ्या मुलासोबत मात्र जरूर पाहा. संपल्यावर लगेच नसीहत करू नका. आधी त्याला बोलू द्या.