पहारेकऱ्याला कोण उठवणार?

शासकीय कार्यालयात नवा सर्व्हर आला की त्याची किंमत, क्षमता आणि वॉरंटी यांवर फायली भरतात. डिस्क किती भरली, कोणती सेवा बंद पडली यावर नजर ठेवून इशारा देणारा छोटासा प्रोग्राम मात्र कोणीतरी हौसेने बसवतो आणि हातानेच सुरू करतो. माझा आक्षेप या 'हातानेच'ला आहे.

भिलाई-३ येथील एका कार्यालयातला प्रकार सांगतो. वळवाच्या पावसात वीज गेली, यूपीएस संपला, सर्व्हर बंद पडला. वीज येताच सर्व्हर आणि कामकाज दोन्ही पूर्ववत झाले. देखरेखीचा प्रोग्राम तेवढा उठला नाही, कारण तो ज्या कर्मचाऱ्याच्या लॉगिनमधून चालत असे त्याची बदली झाली होती. त्यानंतर कित्येक आठवडे एकही इशारा आला नाही, आणि सर्वांनी त्याचा अर्थ 'सर्व ठीक आहे' असा घेतला. डिस्क भरली तेव्हा निवृत्तांची देयके अडकली. औषधांसाठी त्याच पैशांवर अवलंबून असलेली माणसे खिडकीपाशी उभी होती, आणि त्यांना द्यायला कोणापाशी उत्तर नव्हते.

वास्तविक उपाय महाग नाही. लिनक्सवर सिस्टमडी ही व्यवस्था २०१० मध्ये आली. तीत आठदहा ओळींची एक फाइल पुरते. मात्र तेथे 'स्टार्ट' आणि 'इनेबल' या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीने प्रोग्राम आत्ता चालू होतो. दुसरीमुळे यंत्र जेव्हा जेव्हा सुरू होईल तेव्हा तोही सुरू होतो. आपल्या भाषेत पहिली तोंडी सूचना, दुसरी स्थायी आदेश. प्रोग्राम डेटाबेसनंतर सुरू व्हावा असे लिहून ठेवले, तर यंत्र बंद होताना तो डेटाबेसच्या आधी थांबतो आणि खोटी ओरड होत नाही. 'रिस्टार्ट'ची अट घातल्यास कोसळलेला प्रोग्राम आपोआप उठतो. अधिकृतपणे थांबवलेला मात्र थांबलेलाच राहतो. हा विवेक मला फार आवडला. कित्येक कार्यालयांत निलंबन आणि रजा यांतला फरकही इतका स्पष्ट नसतो!

तथापि यावरही विसंबू नये. दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की सिस्टमडी मूळ मांडणीनुसार नाद सोडून देते, आणि पुन्हा तीच शांतता. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायोत फर्स्टएनर्जी कंपनीच्या नियंत्रण कक्षातली इशारा-यंत्रणा अशीच दुपारी निमूट बंद पडली. तासाहून अधिक काळ तेथील कर्मचाऱ्यांना ते कळलेच नाही. त्या दिवशी सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. न्यूयॉर्क-टोरांटोकडच्या जुन्या वाचकांना ती रात्र आठवत असेल.

उलट भिलाई-३ला लागून असलेल्या चरोद्याच्या रेल्वे यार्डातून जाणारी विद्युत इंजिने पाहा. चालकाने मिनिटभर कोणतीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही प्रतिसाद नसेल तर ब्रेक लागतात. तेथे शांतता हाच दोष मानला आहे. देखरेखीच्या प्रोग्रामनेही दर पाच मिनिटांनी दुसऱ्या एखाद्या यंत्राला 'मी जागा आहे' असे कळवावे, आणि ते न कळल्यास त्या यंत्राने ओरडावे.

राहता राहिले थांबवणे. दुरुस्तीसाठी देखरेख थांबवणाऱ्याचे नाव, कारण आणि ती पुन्हा सुरू होण्याची वेळ नोंदली जावी, व ती वेळ टळल्यास यंत्रानेच ती सुरू करावी. बदलीच्या वेळी कार्यभार सोपवताना किल्ल्या आणि रोख यांची यादी आपण करतोच. आपल्या वैयक्तिक लॉगिनवर काय काय चालते, याचाही रकाना त्या यादीत हवा.