देवाला किती हिट पॉइंट?

मंडळी, आपल्या घरांतली काही मुले फासे टाकून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळतात. या खेळाच्या १९८० सालच्या 'डीटीज अँड डेमिगॉड्स' पुस्तकात इंद्र, अग्नी, विष्णू यांच्या नावापुढे चक्क हिट पॉइंट छापले होते. आकडा आला की तो शून्यावर आणता येतो. म्हणजे देवही मारता येतो! १९९०च्या 'लेजंड्स अँड लोअर'मध्ये मात्र आकडे दिले ते देवांच्या अवतारांना. आम्हांला हेच पटते. (शब्दही आपलाच!) जरा व्याधाचा बाण पायाला लागून कृष्णावतार संपला, विष्णू नाही. तेव्हा घरात कुणी "विष्णूला मारलं!" म्हणून ओरडले, तर रागावण्याआधी पुस्तक कोणते ते विचारा.