चिकन बंद, पण स्वस्त मांस चालू?

फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातील वेहळोलीत कोंबड्या अचानक मरू लागल्या. बर्ड फ्लूचे निदान झाले आणि परिसरातील सुमारे २५ हजार कोंबड्या मारण्याचा आदेश निघाला. पाठोपाठ आपल्या वसई-विरार भागातही हा रोग सापडला. अशी बातमी आली की घराघरांत एकच निर्णय होतो : चिकन बंद. ज्यांना परवडते ते मासळी-मटणाकडे वळतात. ज्यांना परवडत नाही, त्यांच्या दारात मात्र स्वस्त माल येऊन उभा राहतो. मरगळलेली गावठी कोंबडी, रात्रीत मेलेली कोंबडी, खाडीवर धरलेला पक्षी, रानातला ससा.

आमचे स्पष्ट म्हणणे आहे की, दुकानातल्या ताज्या, नीट शिजवलेल्या चिकनपेक्षा कितीतरी मोठा धोका या स्वस्त मालात आहे. साथीच्या काळात आपण भितो एकाला आणि घरात घेतो दुसऱ्यालाच.

कोरोनाच्या वेळीही हेच झाले. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीमुळे कोरोना होतो ही अफवा पसरली आणि पोल्ट्रीवाल्यांना पक्षी मातीमोल भावाने विकावे लागले. मग लॉकडाऊन लागला. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या 'ट्रॅफिक' या संस्थेने देशभरातल्या बातम्यांवरून हिशेब मांडला. लॉकडाऊनआधीच्या सहा आठवड्यांत शिकारीच्या ३५ घटना होत्या, पुढच्या सहा आठवड्यांत त्या ८८ झाल्या. त्यांत हरणांसारख्या खूरवाल्या प्राण्यांच्या शिकारीचे प्रमाण २२ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर गेले. काम बंद, बाजार बंद, पण पोट बंद होत नाही. म्हणून डोंगरपट्ट्यातल्या आदिवासी बांधवांना दोष देऊन हा प्रश्न सुटणार नाही. पण रानातल्या मांसाची तपासणी कोणी करत नाही, हेही खरेच. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा बडगा शेवटी गरिबाच्याच पाठीवर बसतो.

बर्ड फ्लूचा विषाणू ७० अंश सेल्सिअसला, मांस आतपर्यंत शिजले की, मरतो. आपला रस्सा तर खळखळून उकळतो. धोका आहे तो त्याआधी. आजारी पक्षी कापताना, पिसे काढताना, आतडी साफ करताना विषाणू हातावरून डोळ्यांत, नाकात, तोंडात जातो. हे काम बहुतेक घरांत आपल्या माता-भगिनी करतात आणि मुले शेजारीच खेळत असतात. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातील नरसरावपेट येथे दोन वर्षांची मुलगी बर्ड फ्लूने दगावली. चिकन साफ करताना तिला कच्चा तुकडा दिला होता, असे घरच्यांनी सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगाने मेले. त्यांना कच्च्या मांसातून लागण झाल्याचा संशय होता. वाघाला चूल नाही, आपल्याला आहे.

मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, असे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या परिषदेत सांगितले. ते आवाहन स्वाभिमानाचे होते. आज त्याकडे आरोग्याच्या नजरेनेही पाहावे, असे आम्हाला वाटते. स्वस्त मिळते म्हणून मेलेले किंवा आजारी पाखरू घरात आणणे गरिबाला सर्वांत महाग पडते.

मात्र नुसते 'खाऊ नका' म्हणणे पुरेसे नाही. सरकारी नियमानुसार नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची मिळत नाही. परसात दहा-बारा कोंबड्या पाळणाऱ्या बाईला हे कोणी सांगतच नाही. ती घाबरून गप्प बसते, उरलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावाने विकते आणि रोग वस्तीभर फिरतो. लवकर कळवले तर तिचेही नुकसान कमी होते. म्हणून अर्नाळा आणि अर्नाळा किल्ला ग्रामपंचायतींनी भरपाईचे दर व नियम मराठीत फलकावर लावावेत आणि भरपाई वेळेवर मिळेल हे पाहावे, अशी आमची मागणी आहे.

तोवर विहारातल्या महिला मंडळांनी एवढे घरोघर सांगावे. मेलेला पक्षी, मग तो कोंबडी असो, कावळा असो की खाडीवरचा बगळा, उघड्या हाताने उचलू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा १९६२ या क्रमांकावर कळवावे. कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि हात साबणाने धुवावेत. मांस साफ करताना मुलांना दूर ठेवावे. पक्षी हाताळल्यावर ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. आणि मुलांची अंडी बंद करू नयेत, बलक घट्ट होईपर्यंत उकडून द्यावीत. भीतीपोटी ताटातली प्रथिने गेली, तर ते नुकसान साथ सरल्यावरही आपल्याच लेकरांच्या अंगावर दिसेल.