पाचव्या नटाची चावी

मंगळवारी दुपारी कसाऱ्यात, घाट सुरू व्हायच्या थोडं अलीकडे, माझ्या गाडीचं मागचं डावं चाक बसलं. पाऊस मुसळधार. टायरच्या कुशीला चांगला बोटभर काप गेला होता, म्हणजे पंक्चर काढून भागण्यातलं नव्हतं. जॅक होता, पाना होता, आणि या स्तंभाच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, स्टेपनीही होती, हवा तपासलेली. रस्त्यापलीकडच्या टायरच्या दुकानातला पोरगा छत्री न घेताच धावत आला. चार नट त्यानं दहा मिनिटांत सैल केले. पाचव्यापाशी थांबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "काका, ह्याची चावी द्या."

मी गाडीची किल्ली पुढे केली.

"ही नाही. नटाची."

तो पाचवा नट इतरांसारखा षटकोनी नव्हता. बाहेरून गोल, गुळगुळीत, आणि तोंडाशी पाकळ्यांसारखी नागमोडी खाच. पाना त्यावर बसतच नाही, नुसता फिरतो. त्या खाचेत नेमका बसेल असा अंगठ्याएवढा पोलादी तुकडा लागतो: एका टोकाला खाचेचा उलटा ठसा, दुसऱ्या टोकाला पाना लावायला सहा कोन. अॅलॉयची चाकं चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येक चाकाला असा एक लॉक नट लावतात. ठसे अनेक प्रकारचे असतात, त्यामुळे शेजाऱ्याची चावी आपल्याला बहुधा चालत नाही.

शोधाशोध झाली. स्टेपनीखालचा खळगा, जॅकचा फोम, डॅशबोर्डचा खण, दाराचे कप्पे, सीटखाली. पोरानं सगळं सामान काढून सतरंजीवर मांडलं. चावी नव्हती. मग त्यानं विचारलं, "चाकं शेवटची कुठं काढलेली?" आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तीन महिन्यांपूर्वी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंगला गाडी दिली होती. चाकं त्यांनी काढली, म्हणजे चावी त्यांच्या हातात होती. चाकं परत बसवली, म्हणजे तेव्हाही होती. त्यानंतर ती गाडीत परत ठेवली गेली नाही.

पोरगा वेल्डिंगवाल्याला बोलवायला गेला आणि मी दुकानाच्या ताडपत्रीखाली उभा राहिलो. घाटाकडून इंजिनांचा आवाज येत होता. कसाऱ्यात थोडा वेळ काढलेल्या माणसाला तो ओळखू येतो. नाशिककडे जाणाऱ्या गाडीला मागून इंजिनं लावायची ती इथंच. सदतीस मीटरला एक मीटर असा चढ आहे, पुढच्या एका इंजिनाच्या बळावर गाडी इगतपुरीला पोचत नाही. १८६१ साली रूळ कसाऱ्यापर्यंत आले आणि १८६५ साली घाट चढून इगतपुरीला पोचले. तेव्हापासून इथलं सगळं कामच मुळी हातातून हातात द्यायचं आहे. इंजिन जोडायचं, वर नेऊन सोडायचं, पुन्हा खाली आणायचं, आणि दर वेळी कोणी जोडलं, कोणी सोडलं याची नोंद ठेवायची.

रेल्वेच्या कारभारावर या जागेत मी कमी टीका केलेली नाही. पण किल्लीच्या बाबतीत तिच्याइतकं शहाणं खातं मी पाहिलेलं नाही.

एकेरी मार्गावर कित्येक वर्षं चाललेली गोळ्याची पद्धत घ्या. स्टेशन मास्तरच्या खोलीत एक यंत्र, पुढच्या स्टेशनात त्याचं जोडीदार, दोन्ही तारेनं बांधलेली. पुढच्या स्टेशनानं होकार दिला की इकडच्या यंत्रातून लोखंडी गोळा बाहेर पडायचा. तो पिशवीत घालून, पिशवी वेताच्या कड्याला अडकवून चालत्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. एक गोळा बाहेर असेपर्यंत दोन्ही यंत्रांतून दुसरा निघायचाच नाही. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर त्या टापूत गाडी घालत नसे. विश्वास, सवय, ओळख यांवर काहीच सोडलेलं नव्हतं. हातात वस्तू असली पाहिजे, एवढंच.

रिले रूमचंही तेच. सिग्नल आणि सांधे यांची सारी जोडणी या खोलीत असते. दाराला दोन कुलपं. एक किल्ली कामावरच्या स्टेशन मास्तरकडे, दुसरी सिग्नल खात्याच्या माणसाकडे, आणि दोघांनी मिळून उघडल्याशिवाय दार उघडत नाही. किल्ली कोणी घेतली, किती वाजता, कशासाठी, परत कधी दिली, हे सगळं वहीत सहीनिशी. २ जून २०२३ ला ओडिशात बहानगा बाजारला रेल्वे अपघात झाला, २९० हून अधिक माणसं गेली, तेव्हा रेल्वे बोर्डानं लगेच देशभरच्या रिले रूमची दुहेरी कुलपं आणि किल्ल्यांच्या नोंदी तपासायला लावल्या. किल्लीची नोंद ढिली झाली की काय होऊ शकतं, हे त्या खात्याला पक्कं ठाऊक आहे.

आता आपल्या सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड घ्या. पेट्रोल किती, किलोमीटर किती, कुठे ओरखडा, गाडीत छत्री आहे का, म्युझिक सिस्टिम आहे का, सगळ्याला रकाना. मी घरी येऊन माझी मागची चार जॉबकार्डं काढून बघितली. लॉक नटच्या चावीला एकाही कार्डात रकाना नाही. गाडी देताना ती आपण दिली असं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून ती परत मागता येत नाही. मेकॅनिक ती पान्याच्या तोंडाला लावतो, चार चाकं उरकतो, जेवायची सुट्टी होते, चावी पान्यालाच राहते, पाना पुढच्या गाडीला जातो. त्या माणसाला मी दोष देत नाही. दिवसाला इतक्या गाड्या हाताखालून जात असतील तर वही नसलेला माणूस विसरणारच. दोष वही न ठेवणाऱ्या मालकाचा आहे.

कुणी म्हणेल, कुठे आगगाडी आणि कुठे एका मोटारीचा नट. त्यानं रात्री, धुक्यात, मागून ट्रक येत असताना, लहान मूल गाडीत घेऊन त्या घाटात उभं राहून बघावं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला. तो कसाऱ्याच्याच शहापूर तालुक्यातून जातो, त्यातला एक बोगदा जवळपास आठ किलोमीटरचा आहे. तिथे रस्त्यापलीकडून धावत येणारा पोरगा नाही.

आणि स्टेपनीबद्दल पुन्हा एकदा, कारण ते लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. २०२० साली केंद्र सरकारनं नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब सांगणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचा किट असेल तर साडेतीन टनांपर्यंतच्या मोटारीला स्टेपनी सक्तीची राहिली नाही. किट तळव्यातलं खिळ्याचं भोक बुजवतो, कुशीचा काप बुजवत नाही. स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ साली तिथल्या डेव्हिस बंधूंनी जादा चाक काढलं, आणि ब्रिटनमध्ये विसरलेलं ते नाव आपण घरोघरी जपलं. ते नाव जपणाऱ्यांनी चाकही जपावं. पण लॉक नटची चावी नसेल तर डिकीतली धडधाकट स्टेपनी म्हणजे नुसतं ओझं, हे मला मंगळवारी कळलं. इतकी वर्षं मी अर्धंच सांगत होतो.

वेल्डिंगवाला आला. त्यानं आधी बॅटरीची तार सोडवली, हे मला फार आवडलं, कारण मोठमोठ्या ठिकाणी ते विसरतात. पोरानं आधी जरा लहान मापाचा गोटी पाना हातोड्यानं नटावर ठोकून बघितला होता, पण त्या नटाला बाहेरून फिरतं कडं होतं, ते नुसतं गरगरत राहिलं. मग वेल्डिंगवाल्यानं एक जुना नट लॉकच्या तोंडावर ठेवून आतून टाके मारले. लालबुंद झालेला नट काळा पडेस्तोवर दोघं गप्प उभे. "गरम आहे तोवरच निघतो काका, गार झाला की मेला," असं म्हणत त्यानं पान्याला चार फुटी पाइप लावला आणि पाय देऊन दाबला. कट् असा आवाज आला. मला वाटलं स्टडच तुटला. स्टड शाबूत होता. अॅलॉयवर रुपयाएवढा करपल्याचा डाग पडला, तो आता कायमचा.

उरलेल्या तीन चाकांचे लॉक अजून तसेच होते. गुरुवारी त्या सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं आत विचारलं, कुणाला आठवेना. मी स्वतः आत गेलो. टायरच्या मशीनशेजारी एक पत्र्याचा ड्रॉवर होता, ग्रीसनं काळा झालेला. तो ओढला तर आत नटाच्या चाव्याच चाव्या. मी मोजल्या, अकरा. एकीलाही गाडीचा नंबर बांधलेला नव्हता. एकेक माझ्या नटाच्या खाचेत लावून बघितली, आठवी बसली.

मी मॅनेजरला म्हणालो, उरलेल्या दहा कुणाच्या? या तीन महिन्यांत ज्यांची चाकं काढली त्यांना फोन करा, आजच करा, पाऊस चालू आहे. त्यांनी वही मागवली. वहीत बिलं होती, चाव्या नव्हत्या. फोन करतो म्हणाले. मी सोमवारी पुन्हा जाणार आहे, ड्रॉवर उघडून मोजायला.