मधाचे बोट

बाळ जन्माला आले की घरातील वडीलधारी व्यक्ती त्याला मधाचे बोट चाटवते. त्यामागील माया खरी असते. परंतु ही चाल आता सोडून दिली पाहिजे, असे माझे मत आहे.

मधात बॉट्युलिनम नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते सहसा वाढत नाहीत. १ वर्षाखालील बाळाच्या कोवळ्या आतड्यात मात्र ते रुजून विष निर्माण करू शकतात. मग बाळ मलूल होते, त्याला दूध ओढता येत नाही, प्रसंगी श्वासही अडतो. मध उकळला तरी बीजाणू नष्ट होतीलच असे नाही.

"आम्ही नाही का मध चाटूनच वाढलो?" असे आजी विचारतात. हा आजार क्वचितच होतो, हे खरे; पण तो कोणत्या बाळाला होईल, हे आधी कोणाला कळते?

बाळाचे पहिले अन्न म्हणजे आईचे चिकाचे दूध. ते जन्मानंतर तासाभरात पाजावे. पुढे ६ महिने, डॉक्टरांनी दिलेले औषध सोडल्यास, आईच्या दुधाखेरीज पाणी किंवा बाळगुटीही देऊ नये. मधासाठी वर्षभर थांबावे. तोवर आजीचे बोट बाळाने मुठीत धरावे; मायेला तेवढे पुरेसे आहे.