गडगा

काजूच्या हंगामात आमच्या घरी सकाळच्या चहाआधी पायांना तेल लागतं. आरोग्य केंद्रातून मिळालेली डेपा तेलाची बाटली ओटीवरच्या फळीवर असते. घोट्यापासून मांडीपर्यंत आणि मनगटापासून खांद्यापर्यंत ते तेल चोळायचं, पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा, विजार मोज्यांत खोवायची आणि मगच बालदी घेऊन बागेत शिरायचं. संध्याकाळी परतल्यावर कपडे थेट उकळत्या पाण्यात. सासूबाई दोन्ही नातवंडांना उजेडात उभं करून कानामागे, काखेत, गुडघ्याच्या मागे गोचीड शोधतात. पोरं कंटाळतात, चुळबुळ करतात, पण त्या सोडत नाहीत.

2016 च्या सुरुवातीला आमच्या दोडामार्ग तालुक्यात रानात माकडं मरून पडू लागली आणि पाठोपाठ माणसं तापानं फणफणली. तो माकडताप. त्याचा विषाणू 1957 मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात सापडला होता. तो इतक्या वर्षांनी आमच्या उंबऱ्याशी आला. मेलेल्या माकडाच्या अंगावरच्या गोचिडी जमिनीवर उतरतात, पाचोळ्यात दबा धरतात आणि आपल्या पायांवर चढतात. या गोचिडींचा जोर डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत असतो. नेमका तोच काळ आमचा काजू वेचण्याचा आणि भाजावळीसाठी पातेरा गोळा करण्याचा. ज्या रानावर वर्षाची मिळकत उभी, त्याच रानात हा ताप. आमच्या वाडीतल्या दोघी तेव्हा किती दिवस अंथरुणाला खिळून होत्या ते मी पाहिलंय, म्हणून रानाविषयी नुसतं गोड बोलणं मला जमत नाही.

यंदा शिमग्याला मुंबईहून आलेल्या भाऊजींनी विषय काढला तो याच काळजीपोटी. परड्याभोवतीचा जुना गडगा काढून चौफेर चिऱ्याची सहा फुटी भिंत घालायची, सिमेंटात बांधून, वर गिलावा करून. पैसे ते देणार होते. "घरात दोन पोरं आहेत, म्हातारी माणसं आहेत. जनावरं परड्यात येताच कामा नयेत," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यातली माया खरी होती. सासरे बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढंच म्हणाले, "वाट तेंची पयलीची, आमी मागीर इलाव." पुढे कुणी बोललं नाही, पण तेव्हापासून घरात हाच विषय घोळत राहिला.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं: गडगा म्हणजे जांभ्याचे ओबडधोबड दगड एकावर एक रचून केलेलं कुंपण. त्यात माती नाही, चुना नाही. दगडांमध्ये फटी राहतात, पावसाचं पाणी त्यांतून वाहून जातं आणि गडगा उभा राहतो. आमचा गडगा सासऱ्यांच्या वडिलांनी घातलेला. त्यावर शेवाळ आहे, नेचे आहेत आणि पायथ्याशी मुंगसाचं बीळ आहे. भिंतीनं नक्की कोण अडणार, हे मी तेव्हापासून मनाशी ताडून पाहत आले.

माकडं आणि वानरं अडणार नाहीत. ती फणसावरून कौलांवर उतरतात. गोचीडही अडणार नाही, कारण ती बागेतून आमच्याच पायांवर आणि गुरांच्या अंगावर बसून घरी येते. तिच्यासाठी तेल, उकळतं पाणी आणि गोठ्याची सफाई हाच उपाय. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य खात्याला कळवणं, हे आता वाडीतल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे.

उडणाऱ्यांचा तर प्रश्नच नाही. चैत्रात वाघळं काजूची बोंडं तोंडात धरून बांधाजवळच्या फणसाकडे नेतात, रस चोखतात आणि बिया खाली टाकतात. पहाटे त्या झाडाखाली बियांचा सडा पडलेला असतो. त्या बियांवर हक्क मुलांचा. विकून आलेले पैसे त्यांचे. याच दिवसांत परड्याच्या टोकाच्या बेहड्यावर कवड्या धनेशाची ये-जा सुरू होते. मादी खोडातल्या ढोलीत शिरून तिचं तोंड आतून लिंपून घेते आणि चोच बाहेर येईल एवढीच फट ठेवते. पुढचे कित्येक आठवडे नर तिला आणि मग पिल्लांनाही भरवतो. गळ्यात साठवून आणलेली वडाची, उंबराची, काजऱ्याची फळं एकेक वर काढून तो त्या फटीतून देतो. नराला काही झालं तर आतलं सगळं कुटुंब धोक्यात. तो येतो तेव्हा पंखांचा आवाज मागल्या दारापर्यंत ऐकू येतो आणि सासूबाई हातातलं काम थांबवून वर पाहतात. विणीच्या दिवसांत बेहड्याखाली कुणी मोठ्यानं बोलायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला. त्या झाडाला लाकूडवाल्यांकडून मागणी आली होती. घरात पैशाची नड असतानाही सासऱ्यांनी नकार दिला. 2013 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं सावंतवाडी-दोडामार्गच्या पट्ट्यात वृक्षतोडीला मनाई केली, त्याच्याही आधीची ही गोष्ट. आता समोरच्या डोंगरावर रबराच्या रांगा चढल्यात, आणि ढोली पडलेलं एवढं जुनं झाड शोधायला धनेशाला लांब जावं लागत असेल.

मे महिन्यात गडग्यातून विंचू बाहेर पडतात. इथे भाऊजींचं म्हणणं मला पटतं. कोकणातल्या लाल विंचवानं किती घरांतली मुलं नेली हे जुन्या माणसांना विचारावं. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि इथल्या आयांचा जीव भांड्यात पडला. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या घरात आपल्याच माणसाला मिळाल्यासारखा आनंद झाला होता. थोरल्यानं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी अतिनील किरणांची विजेरी आणली होती. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. आता उन्हाळ्यात रोज जेवणानंतर तो आणि त्याचे बाबा अंगण, न्हाणीघर आणि पायऱ्या तपासतात. बिछाना झटकणं, चपला उलट्या करून आपटणं हे तर पूर्वीपासूनचं.

पावसाआधीच्या त्या आठवड्यांत काजवे येतात. मागच्या सादड्यावर हजारोंनी एकदम उजळतात आणि एकदम विझतात. गेल्या वर्षी आम्ही मागल्या दारी एलईडीचा मोठा दिवा लावला आणि त्या बाजूचं झाड काळोखं राहिलं. सासूबाईंच्या ते पहिल्याच रात्री ध्यानात आलं. "लाईट बंद कर गो, काजवे दिसूचे नाय." नुसतं आपल्याला दिसण्यापुरतं ते नाही. नर-मादी एकमेकांना त्या लुकलुकीवरूनच शोधतात आणि झगझगीत उजेडात ती खूण हरवते. काजव्यांच्या अळ्या ओल्या पाचोळ्यात राहतात आणि गोगलगायी खातात. श्रावणात पडवळ-दोडक्याची कोवळी रोपं एका रात्रीत फस्त करणाऱ्या गोगलगायी ज्यानं पाहिल्यात, त्याला या अळ्यांची किंमत वेगळी सांगायला नको. आता तो दिवा हवा तेव्हाच लागतो, आणि बागेचा एक कोपरा न झाडता ठेवलाय.

मिरगाला राखणदाराला कोंबा दिला की पाऊस घरातला माणूस होतो. पहिल्या मोठ्या सरीनंतर शेतात बैलबेडूक पिवळेधमक होऊन ओरडतात आणि रात्रभर झोप लागत नाही. ओहोळातून चढणीचे मासे वर येतात. पोटात अंडी घेऊन निघालेले हे मासे धरायला सगळी वाडी धावते. आमच्या घरात पहिले दिवस मासे धरत नाहीत. अंडी पडली की मग. बेडकांना तर हात लावायचाच नाही. त्यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे हे मी मुलांना सांगते. सासरे सांगतात की बेडूक गेले तर भातावरचे किडे कोण खाणार. मुलांना सासऱ्यांचं जास्त पटतं.

पावसाळ्यात खरी भीती फुरशाची. वीतभर लांबीचं, जांभ्याच्या रंगाचं, दगडाखाली वेटोळं करून बसलेलं. घरातला नियम असा की विजेरीशिवाय पाऊल नाही, दगड उचलायचा तर पहारीनं, आणि चावलंच तर मांत्रिक नाही, सरळ दवाखाना. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच लस चालते, हे धाकटी पाढ्यासारखं म्हणून दाखवते. याच गडग्यात धामणही राहते. भाताच्या कणगीपाशी उंदीर कमी आहेत ते तिच्यामुळे.

भादव्यात चाकरमानी येतात, गणपती होतात, आणि भात पोटरीला आलं की गवे डोंगरावरून खाली उतरतात. इथे माझ्याकडे सांगण्यासारखं काही गोड नाही. कळप रात्री शेतात शिरला तर सकाळी चिखल तेवढा उरतो. पंचनामा होतो, अर्ज जातो, आणि नुकसानभरपाई येते तेव्हा त्या वर्षाची पेज कधीच पिऊन झालेली असते. ती लवकर आणि पुरेशी मिळाली पाहिजे. ज्यांच्या शेतावर गवे जगतात त्यांना एकट्यांनाच ही किंमत मोजायला लावणं अन्याय आहे. पण पाच-सहा फुटांच्या भिंतीनं गवा थांबत नाही. मांगरात जागणं, डबे वाजवणं, शेकोटी, आणि शेजाऱ्यांशी आळीपाळीनं पहारा, एवढंच आमच्या हाती.

थंडी पडली की जीव जरा थाऱ्यावर येतो. आंबा मोहोरतो, मोहोरावर माश्या घोंघावतात आणि काजूच्या फांद्यांवर हुमले पानं शिवून घरटी बांधतात. ते चावतात, डोळ्यांत पाणी आणतात, पण ज्या झाडावर हुमले असतात त्याच्या पालवीला ढेकण्या कमी लागतो. म्हणून त्या घरट्यांना आम्ही काठी लावत नाही.

तर भिंतीनं अडणार कोण? मुंगूस, बेडूक, धामण, साळिंदर, आणि एका रात्री विहिरीच्या बाजूनं आलेलं खवले मांजर, जे वारूळ उकरून, वाळवी खाऊन, गडग्याच्या खिंडारातून निघून गेलं. त्याच्या खवल्यांसाठी माणसं त्याला मारतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं डुगवे गावात त्याच्या नावानं खवलोत्सव केला, ही बातमी मुलांनी कात्रण काढून कपाटावर चिकटवली आहे. जे आमचं काही बिघडवत नाहीत आणि पुष्कळ काही राखतात, नेमक्या त्यांचीच वाट ती भिंत बंद करणार होती. गणपतीत मी भाऊजींना हे एकेक करून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग मुलांना घेऊन ते गडग्याभोवती फिरून आले.

ठरलं ते असं: रस्त्याच्या बाजूला चिऱ्याची भिंत होईल, कारण तिथून मोकाट गुरं आणि गाड्या येतात. घराला लागून पाच हातांचा पट्टा स्वच्छ ठेवायचा, तिथे दगडांची रास नको, म्हणजे विंचू-फुरशाला आसरा नाही. उरलेल्या तिन्ही बाजूंचा ढासळलेला गडगा पुन्हा रचून घ्यायचा, खिंडारं होती तिथेच ठेवून. गडगा रचणारे आता फार उरले नाहीत. शेजारच्या गावातला एक म्हातारा गडी तयार झालाय. हाताखाली तरणा माणूस द्या, अशी त्याची अट आहे. भाऊजी दिवाळीला आठ दिवसांची रजा घेऊन येतायत. दगड उचलायला ते स्वतः आणि थोरला असे दोघे राहतील. पहारी आणि जाड बूट आधीच आणून ठेवलेत.